दवाखान्यात 386, घरी 56: आण्णांच्या शुगरचं करायचं काय?

पत्र, थोडक्यात

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईंचे वडील 68 वर्षांचे आहेत. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. सांगली जिल्ह्यात धाकट्या मुलाकडे राहतात. चौदा वर्षांचा मधुमेह, शिवाय बिडीने दिलेला जुना दमा. महिन्यापूर्वी ताप, खोकला आणि धाप लागली, एक्स-रेत उजव्या बाजूला न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस दवाखाना, त्यातले तीन आयसीयूत. घरी 'एकदम कंट्रोलमध्ये' असलेली शुगर दाखल करताना 386 भरली आणि पुढेही 200-230 च्या खाली क्वचितच आली. गोळ्या बंद करून इन्सुलिन लावलं, स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. घरी सोडताना दोन वेळचं इन्सुलिन, आठवडाभर उतरत्या मात्रेत स्टेरॉइडच्या गोळ्या आणि कार्डावर 'पूर्वीची औषधं चालू' असा शेरा. घरी आल्यावर नवव्या रात्री, पहाटे चारला आण्णा घामाने भिजले आणि असंबद्ध बोलू लागले. शुगर 56. साखरपाणी पाजल्यावर सावरले. भावाचं म्हणणं, दवाखान्याने स्टेरॉइड देऊन शुगर बिघडवली आणि वर इन्सुलिनची सवय लावली. त्याने इन्सुलिन बंद केलंय, त्याला चार दिवस झाले. ताईंचं म्हणणं, डॉक्टरांनी लिहिलंय तर द्यायलाच हवं. बहीण-भावाचं बोलणं जवळजवळ बंद आहे. प्रश्न तीन: दवाखान्याने शुगर 110 पर्यंत का आणली नाही? पुढच्या वेळी स्टेरॉइडला नकार द्यावा का? आणि इन्सुलिन आता कायमचं का?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबत पाठवलेले डिस्चार्ज कार्डाचे फोटो मोठे करून पाहिले. तीन प्रश्न तुम्ही आकडे घालून विचारलेत, पण ज्या गोष्टीचा निकाल आज लागायला हवा ती पत्रात ओझरती आली आहे: इन्सुलिन चार दिवस बंद आहे आणि काल दुपारी शुगर 262 होती. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर, ज्यांनी कार्डावर सही केली त्या डॉक्टरांना किंवा गावातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. 'शुगर वरखाली होतेय' एवढंच सांगून थांबू नका. चार गोष्टी सांगा: स्टेरॉइडच्या गोळ्या कोणत्या दिवशी संपल्या, 56 कधी आली आणि आदल्या रात्री इन्सुलिन किती व जेवण किती होतं, कुठल्या गोळ्या सध्या चालू आहेत, आणि गेल्या चार दिवसांतली उपाशीपोटीची व दुपारची शुगर. एवढं कळलं की कुठलाही फिजिशियन पाच मिनिटांत नवी मात्रा ठरवू शकतो. जुनी मात्रा जशीच्या तशी पुन्हा सुरू करू नका. तुमच्या भावाची भीती त्या बाबतीत रास्त आहे. पण बंद ठेवून वाटही पाहू नका. तुमची काळजीही तितकीच रास्त आहे.

यादरम्यान उलट्या, खाणं न जाणं, ग्लानी किंवा पुन्हा धाप, यांतलं काही दिसलं तर शुगर कितीही असो, फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठा. 'शुगर कितीही असो' हे मुद्दाम म्हणतो. आण्णांच्या जुन्या चिठ्ठीत डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी आहे. 2020 साली त्याचं मूळ पेटंट संपलं, ते स्वस्त झालं आणि आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही सहज मिळतं. औषध चांगलं आहे. पण आजारी, न जेवणाऱ्या माणसाने ते चालू ठेवलं, तर शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. त्या वेळी मशिनवरचा 180 चा आकडा पाहून घरचे निर्धास्त राहतात.

आता त्या पहाटेचं बोलू. तुमच्या घरात दोन तट पडले ते तिच्यामुळेच.

आण्णांना संध्याकाळी दिलं जायचं ते मिश्र इन्सुलिन, 30/70. त्यातला मोठा भाग सावकाश काम करतो आणि टोचल्यानंतर चार ते दहा तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. रात्री आठला टोचलं तर हे तास मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत येतात. दुसरी बाजू स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोनची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतली की शुगर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. रात्री तिचा जोर ओसरतो. तिसरी गोष्ट, इन्सुलिनची मात्रा ठरली तेव्हा स्टेरॉइड जोरात होतं. सातव्या दिवशी गोळ्या संपल्या, मात्रा मात्र तीच राहिली. चौथी, न्यूमोनिया बरा होत आला तसं शरीर आतून शुगर चढवायचं थांबलं. आणि पाचवी तुमच्या कार्डावरच्या एका ओळीत आहे: 'पूर्वीची औषधं चालू'. पूर्वीच्या औषधांत ग्लिमेपिराइड होतं. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी ही गोळी, आणि वरून इन्सुलिनची सुई. एकाच बैलाला दोघांनी दोन बाजूंनी चाबूक मारावा तसं ते झालं.

त्यात तुम्ही लिहिलंय की त्या रात्री आण्णांनी अर्धीच भाकरी खाल्ली होती.

यात कुणी मुद्दाम काही केलं असं मला दिसत नाही. पण घरी सोडताना 'स्टेरॉइड कमी होईल तसं इन्सुलिनही कमी करायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी शुगर कळवा' हे वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं. बोलले असतील तर त्या गडबडीत तुमच्यापर्यंत पोचलं नाही. श्वसनाच्या आजारातून उठलेल्या मधुमेही माणसाचा धोक्याचा काळ आयसीयूत संपत नाही. घरी आल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात आजार, स्टेरॉइड आणि भूक तिन्ही रोज बदलतात, आणि इन्सुलिनचा आकडा मात्र कागदावर छापल्यासारखा स्थिर राहतो. तुमचं पत्र या सदरात घेतलं ते यासाठी.

आणखी एक. ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाची शुगर घसरली आणि साखरपाण्याने वर आली, तरी काही तासांनी ती पुन्हा घसरू शकते, कारण गोळीचा अंमल दिवसभर राहतो. किडनी थकलेली असेल तर त्याहून जास्त. त्या पहाटे साखरपाणी देऊन आण्णांना झोपवलंत. सुदैवाने निभावलं. यापुढे असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, 70 च्या वर आली की पोटभर काहीतरी खाणं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवणं. माणूस गिळण्याच्या शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ते सरळ फुफ्फुसात जाईल. गाडी काढायची.

आता 'एकदम कंट्रोलमध्ये' या शब्दांकडे वळतो. हे तुम्हाला थोडं टोचेल.

कार्डाच्या दुसऱ्या पानावर, तपासण्यांच्या यादीत खालून तिसऱ्या ओळीत एचबीएवनसी आहे: 9.1. दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवसाची. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आठवडाभराच्या तापाने किंवा दोन दिवसांच्या स्टेरॉइडने ती 6 वरून 9 वर जात नाही. 9.1 म्हणजे सरासरी 215 च्या आसपास. (अशक्तपणात, रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, पण आण्णांचं हिमोग्लोबिन ठीक आहे.) मग घरी महिन्यातून एकदा येणारी 130 ही काय होती? ती सकाळची, उपाशीपोटीची. तपासणीच्या आदल्या रात्री आण्णा हलकं जेवत असतील, असं मला वाटतं. पुष्कळ जण परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा तसं करतात. दुपारच्या जेवणानंतर तुमच्या घरी कुणी कधी शुगर तपासलीच नव्हती.

म्हणून भावाला हे सांगायला हवं, पण हिणवून नको: शुगर दवाखान्यात चढली हे खरं, पण ती आधीच चढलेली होती आणि दवाखान्यात ती दिसली.

दाखल करताना ती 386 पर्यंत का गेली, तेही समजून घ्या. अंगात जंतुसंसर्ग शिरला की शरीर त्याला हल्ला समजतं. अॅड्रिनलिन, कॉर्टिसोल, ग्लुकागॉन ही संप्रेरकं उसळतात, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, नवीही तयार करतं, आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. माणसाने तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नसलं तरी शुगर 300 दिसते ती यामुळे. 'काही खाल्लं नाही म्हणून गोळी दिली नाही' हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की आता ते मीच नातेवाइकांच्या आधी म्हणतो. ज्यांना कधी मधुमेह नव्हता त्यांचीही न्यूमोनियात शुगर चढते, आणि त्यांतल्या काहींची नंतर आपोआप उतरते. मधुमेह आधीचा की आजारापुरता, हे ठरवायलाही एचबीएवनसीच कामी येते. आणि चढलेली शुगर नुसती साक्षीदार नसते, ती संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना मंदही करते. कॅनडात सुमारे अडीच हजार न्यूमोनिया रुग्णांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. दाखल होताना ज्यांची शुगर 198 च्या वर होती त्यांच्यात मृत्यू आणि गुंतागुंत जास्त आढळली.

मग साहजिकच तुमचा पहिला प्रश्न येतो: एवढं आहे तर 110 पर्यंत का नाही आणली?

हा प्रश्न तुमच्या आधी डॉक्टरांनीही विचारला होता. 2001 साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथे, मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत आलेल्या रुग्णांची शुगर इन्सुलिनने 80 ते 110 मध्ये काटेकोर ठेवून पाहिली. आयसीयूतले मृत्यू 8 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर आले. जगभर लाट आली, आयसीयूंत 110 चे तक्ते लागले. मग 2009 साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेत मिळून झालेला 'नाइस-शुगर' हा सहा हजारांहून जास्त रुग्णांचा प्रयोग बाहेर आला आणि चित्र उलटं झालं. शुगर 81 ते 108 मध्ये ठेवलेल्यांपैकी 90 दिवसांत 27.5 टक्के दगावले, 180 पर्यंत सैल सोडलेल्यांपैकी 24.9 टक्के. 40 किंवा त्याहून खाली शुगर घसरण्याचं प्रमाण काटेकोर गटात 6.8 टक्के आणि सैल गटात 0.5 टक्का. तेव्हापासून बहुतेक गंभीर रुग्णांसाठी 140 ते 180 हे लक्ष्य मानलं जातं. शुगर 180 च्या वर टिकून राहिली की इन्सुलिन सुरू करतात. वॉर्डातल्या, बऱ्यापैकी जेवणाऱ्या रुग्णाची त्याहून थोडी खाली आणता येते, पण घसरू न देता.

म्हणजे आण्णांची 200-230 ही लक्ष्याच्या वर होती, हे मान्य. तिला हलगर्जी म्हणायचं का? तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात दिवसातून चार वेळा शुगर तपासलेली दिसते आणि दर दिवशी इन्सुलिन वाढवलेलंही दिसतं. स्टेरॉइड चालू असताना, ऑक्सिजनवरच्या माणसाची शुगर 210 ठेवणारा डॉक्टर मला 110 साठी हट्ट धरणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. माझा आक्षेप असता तो दुसऱ्या पद्धतीला: शुगर तपासायची, जेवढी असेल त्याप्रमाणे तेवढ्यापुरतं इन्सुलिन टोचायचं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. ही चोर गेल्यावर धावण्याची तऱ्हा झाली. पायाभूत, दिवसभर पुरणारं इन्सुलिन आणि जेवणाबरोबरचं वेगळं, असं असेल तर शुगर पाठलाग न करता आटोक्यात राहते. दुसऱ्या वाचकांनाही हे सांगतो: आकड्यावरून सिस्टरशी भांडण्यापेक्षा राउंडच्या वेळी डॉक्टरांना शांतपणे विचारा, 'कालपेक्षा आज इन्सुलिनमध्ये काय बदल केला?' उत्तर मिळालं तर काळजी करू नका.

दुसरा प्रश्न, स्टेरॉइड. तुमच्या मामांनी 2021 ची काळी बुरशी आठवून 'स्टेरॉइड म्हणजे विष' म्हटलं, हे तुम्ही लिहिलंय. मामांना मी दोष देणार नाही. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने लोकांचे डोळे, जबडे गेले, त्या बुरशीवरच्या अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. त्यातल्या पुष्कळांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या: बेबंद शुगर आणि गरजेपेक्षा जास्त किंवा गरज नसताना घेतलेलं स्टेरॉइड. पण त्याच साथीत, 2020 च्या जूनमध्ये, ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' प्रयोगाने दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिवसाला 6 मिलिग्रॅम दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांतले सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. एकच गोळी, तीच मात्रा. कुणाला आणि कधी, यावर सगळं ठरलं.

आण्णांना ते दिलं ते जुन्या दम्यामुळे. बिडीच्या धुराने आकसलेल्या श्वासनलिका न्यूमोनियात आणखी सुजतात आणि तिथे काही दिवसांचं स्टेरॉइड श्वास मोकळा करतं. अशा वेळी साधारण पाच दिवसांचा कोर्स पुरतो असं आता मानतात. तुम्ही नकार दिला असता तर शुगर 60-70 ने कमी राहिली असती कदाचित, पण आण्णांची ऑक्सिजनची नळी निघाली नसती. चढलेली शुगर इन्सुलिनने उतरवता येते. आवळलेल्या श्वासाला इन्सुलिन चालत नाही. म्हणून पुढच्या वेळी नकार देऊ नका, विचारा: किती दिवस, किती मात्रा, थांबवल्यावर इन्सुलिन कोण कमी करणार? आणि स्टेरॉइडच्या दिवसांत नुसती सकाळची शुगर पाहून खूश होऊ नका. दुपारी चारची पाहा. खरी ती तेव्हा दिसते. मेडिकलमधून आपल्या मनाने 'मागच्या वेळी दिलेल्या त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या' आणून घेणं मात्र विषच, तिथे मामांशी मी सहमत.

आता गोळ्या बंद करून सुई का लावली. ऑक्सिजन कमी असताना, किडनीवर ताण असताना मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याची भीती असते. ग्लिमेपिराइड दिलं आणि माणूस जेवला नाही तर शुगर कोसळते. डापाग्लिफ्लोझिनबद्दल वर लिहिलंच आहे. उरलं इन्सुलिन, जे तासातासाला कमी-जास्त करता येतं. आजारात ते लावलं म्हणजे 'सवय' लागली असं नसतं. पाय मोडल्यावर काठी घेतली म्हणून कुणी जन्माचा लंगडा होत नाही. तुमच्या भावाला हे पटवताना एक गोष्ट सांगा. इन्सुलिन टोचून घेणारा जगातला पहिला रुग्ण, टोरोंटोचा लेनर्ड थॉम्पसन, 1922 च्या जानेवारीत 14 वर्षांचा होता आणि हाडांचा सापळा झाला होता. इन्सुलिनवर तो आणखी तेरा वर्षं जगला. 1935 साली गेला तो न्यूमोनियाने. तेव्हा पेनिसिलीन वापरात आलं नव्हतं. आपल्या आण्णांना शुगरचं आणि फुफ्फुसाचं, दोन्ही औषधं एका वेळी मिळाली.

कायमचं का, याचं प्रामाणिक उत्तर: बहुधा नाही, पण आज सांगता येणार नाही. 9.1 घेऊन दाखल झालेल्या माणसाला जुन्याच गोळ्या जुन्याच मात्रेत पुरतील, हेही धरून चालू नका. काहीतरी बदलावं लागेल. कदाचित काही आठवडे एकच वेळचं, दिवसभर संथ चालणारं इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड बंद. कदाचित दोन महिन्यांनी फक्त गोळ्या. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि तिच्यावर ठरू द्या. 68 वर्षांच्या, फुफ्फुस अधू असलेल्या माणसासाठी 6.5 चा हट्ट कुणी धरू नये. 7.5 ते 8 च्या दरम्यान, पण एकदाही न घसरता, हे मला जास्त आवडेल.

थोडं डब्याविषयी. तुम्ही लिहिलंय की भावजय रोज पंधरा किलोमीटरवरून गाडीवर डबा पाठवायची आणि तो कधी साडेआठला, कधी दहाला पोचायचा. सिस्टर इन्सुलिन साडेसातला देऊन जायच्या. तक्त्यात 9 वाजता 74 आणि 68 असे दोन आकडे दिसतात, ते याच दिवसांचे असणार. दवाखान्यात डबा घरचा असेल तर सिस्टरला सांगून ठेवावं: ताट समोर आल्यावर सुई. आणि उलट, 12 वाजता 340 आलेल्या दिवशी सकाळी भेटायला आलेल्यांनी मोसंबीचा रस पाजला होता, हे तुम्हीच लिहिलंय. ग्लासभर रसात तीन-चार चमचे साखर सहज असते. शहाळ्यात तेवढी नसते, पण किडनी थकलेल्या माणसाला त्यातलं पोटॅशियम नको, म्हणून तेही विचारूनच. आईंनी आण्णांसाठी शिरा केला म्हणून त्यांना रागावू नका. आजारी माणसाला ताकद हवी हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. फक्त ती मऊ भात-वरण, अंडं, दही, ज्वारीची भाकरी कुस्करून, अशी येऊ द्या. उपाशी ठेवून आणलेली 120 काही कामाची नाही.

एक बारीक गोष्ट. चिकू किंवा केळं सोलून त्याच बोटाला सुई टोचली की मशिनवर आण्णांच्या रक्तासोबत फळाचीही शुगर येते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मग तपासा. हे वाचून हसाल, पण अशा एका 'चारशे'ने मी एका रुग्णाच्या मुलाला रात्री अकराला धावत आलेलं पाहिलंय.

आणि सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा दर मिलिलिटरला 40 युनिटची असते, पेन 100 युनिटचं. 40 च्या सिरिंजला लाल टोपण असतं, 100 च्या सिरिंजला नारिंगी. 40 च्या बाटलीतून 100 च्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात 8 युनिटच जातात. घरी 'इन्सुलिन देऊनही शुगर उतरत नाही' याच्या मुळाशी ही गफलत मी कितीदा पाहिली. नवी मात्रा ठरायच्या आधी भावजयीकडून व्हिडिओ कॉलवर बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखवून घ्या, नाहीतर डॉक्टर एका आकड्याचा विचार करतील आणि अंगात दुसराच जाईल.

एक दुरेघी वही आणा. तारीख, वेळ, शुगर, त्याआधी काय खाल्लं, इन्सुलिन किती. पुढचे पंधरा दिवस रोज नाश्त्याआधी आणि दुपारी चारला तपासा, आठवड्यातून दोनदा पहाटे तीनला. ती वही भावाच्या हातात द्या, तुमच्या नको. पुण्याहून रोज फोन करून 'आज किती?' विचारणं त्याला तपासणीसारखं वाटतंय, हे तुमच्या पत्रातल्या त्याच्याच वाक्यावरून दिसतं. त्या पहाटे घामाने भिजलेली चादर त्याने पाहिली, तुम्ही नाही. भीती त्याला आहे. इन्सुलिन बंद करणं चूक होतं, पण ते बेफिकिरीतून आलेलं नाही. फोन करताना आधी एवढं म्हणा, मग सिरिंजच्या टोपणाचा रंग विचारा.

खोकला दोन आठवड्यांच्या वर रेंगाळला किंवा वजन उतरत राहिलं, तर थुंकीची क्षयासाठी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करून घ्या. मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची लस कधी द्यायची हे पुढच्या भेटीत विचारा. बिडी सुटली आहे असं तुम्ही लिहिलंय. वहीच्या शेवटच्या पानावर तेही असू द्या, आणि आण्णांना स्वतःला भरू द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंत की आण्णांचा स्वतःचा प्रश्न एकच आहे: गुळाचा चहा कधी? गूळ आणि साखर यांत रक्ताला फरक कळत नाही. तीन महिन्यांनी रिपोर्ट हातात घेऊन हा प्रश्न त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारावा. तोवर चहा बिनसाखरेचा, आणि सदऱ्याच्या खिशात, कागदात बांधलेली तीन चमचे साखर. ती कधी आणि का खायची, हे मात्र त्यांनाच नीट समजावून सांगा. आजवर ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.